बोरी ते परळ : मधल्या महिन्यांचा हिशेब

बोरीला रेल्वे नाही. परभणी-जिंतूर रस्त्यावरचं हे गाव. एसटीनं परभणी गाठायची, रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस धरायची आणि सकाळी दादरला उतरायचं. तिथून परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय लांब नाही. मुंबई नकोच असेल तर त्याच रुळावर, निम्मी वाटही सरायच्या आत, छत्रपती संभाजीनगर लागतं. तिथं शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२पासून आहे. नकाशावर बघितलं तर बोरीचा माणूस एका दिवसात देशातल्या नावाजलेल्या कॅन्सर सर्जनच्या दारात उभा राहू शकतो. प्रत्यक्षात या वाटेला महिने लागतात, आणि कधी कधी वर्ष. हे महिने जातात कुठे आणि गेलेल्या महिन्याची किंमत किती, एवढंच या प्रकरणात बघायचं आहे.

आधी किंमत बघू, कारण ती बऱ्यापैकी मोजली गेली आहे. कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठातले टिमोथी हॅना आणि त्यांचे सहकारी यांनी नोव्हेंबर २०२०मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक मोठा आढावा छापला. आधी झालेले ३४ अभ्यास, सात प्रकारचे कॅन्सर आणि सगळे मिळून १२ लाख ७२ हजारांवर रुग्ण. प्रश्न एकच होता: उपचार चार आठवडे पुढे गेला तर मरणाचा धोका कितीनं वाढतो? शस्त्रक्रियेपुरतं उत्तर आलं ६ ते ८ टक्के. स्तनाच्या शस्त्रक्रियेला ८, मोठ्या आतड्याच्या आणि तोंड-घशाच्या शस्त्रक्रियेला ६. उशीर आठ आठवड्यांचा झाला तर स्तनाच्या कॅन्सरमध्ये धोका १७ टक्क्यांनी वाढतो आणि बारा आठवड्यांचा झाला तर २६ टक्क्यांनी.

हे टक्के ऐकून काही जण घाबरतात, तर काहींना ते किरकोळ वाटतात. म्हणून ते उलगडून बघावे लागतात. समजा, शंभर बायकांची स्तनाची शस्त्रक्रिया वेळेवर झाली आणि आजारानं त्यांतल्या १२ जणी दगावल्या. त्याच शंभर जणींची शस्त्रक्रिया बारा आठवडे रखडली असती तर १२ऐवजी सुमारे १५ दगावल्या असत्या. म्हणजे शंभरातल्या तीन बायका केवळ वाट बघण्यानं गेल्या. उरलेल्या ८५ जणी उशीर होऊनही जगल्या आणि १२ जणी वेळेवर होऊनही वाचल्या नसत्या. ‘आम्हीही सहा महिने थांबलो होतो, काही झालं नाही’ असं सांगणारं कुणी ना कुणी प्रत्येक गावात भेटतं, ते या ८५ जणींतलं. खोटं ते बोलत नाही, पण त्या तिघींची बाजू सांगायला कुणी उरलेलं नसतं. याच अंदाजानं हॅनांच्या गटानं देशांचा हिशेब मांडला: वर्षभरातल्या सगळ्या स्तन-शस्त्रक्रिया बारा आठवडे लांबल्या तर ब्रिटनमध्ये १,४०० आणि अमेरिकेत ६,१०० जादा मृत्यू.

या आकड्यांवर एक शंका घेता येते आणि ती घ्यायलाच हवी. ज्यांना उशीर होतो ते लोक मुळातच गरीब, वयस्क किंवा इतर आजारांनी पिचलेले असू शकतात. मग त्यांच्या मरणाचा दोष उशिराला द्यायचा की परिस्थितीला? उलटही घडतं. ज्याची अवस्था अगदी वाईट आहे त्याला डॉक्टर आधी टेबलावर घेतात, म्हणून सगळ्यांत लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यू जास्त दिसतात आणि उशीर निरुपद्रवी भासतो. हॅनांच्या गटानं अशा गोष्टींचा हिशेब नीट केलेलेच अभ्यास निवडले होते. तरी खरी कसोटी म्हणजे चिठ्ठ्या टाकून अर्ध्या रुग्णांना आज आणि अर्ध्यांना उशिरा कापणं, आणि ती घेता येत नाही. ‘तुमचं ऑपरेशन आम्ही मुद्दाम तीन महिन्यांनी करणार’ असं कोणत्या तोंडानं सांगणार?

पण त्या कसोटीच्या अगदी जवळ जाणारा एक प्रयोग झाला, आणि तो परळलाच झाला.

तोंडाचा कॅन्सर पसरतो तेव्हा बहुधा आधी मानेतल्या लसिका ग्रंथींत उतरतो. मानेत गाठ आली की जगण्याची शक्यता साधारण निम्म्यावर येते. मात्र तोंडात लहानशी गाठ घेऊन आलेल्या कित्येकांच्या मानेला हाताला काहीच लागत नाही. अशा वेळी काय करायचं, यावर सर्जन मंडळींत कित्येक दशकं वाद होता. एक पक्ष म्हणे, तोंडाची गाठ काढतानाच मानेतल्या ग्रंथीही काढून टाका. दुसरा म्हणे, मान कशाला उघडायची? खांदा दुखतो, व्रण राहतो. लक्ष ठेवू, गाठ आली तर तेव्हा काढू. दोन्ही बाजूंना अनुभवी माणसं होती, म्हणूनच हा प्रयोग करणं रास्त ठरलं. अनिल डिक्रूझ यांच्या नेतृत्वाखाली टाटामध्ये २००४पासून रुग्ण दोन गटांत वाटले गेले. पहिल्या ५०० जणांचे निकाल २०१५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आले. मान लगेच केलेल्यांपैकी तीन वर्षांनंतर ८० टक्के हयात होते. ‘गाठ आली तर करू’ या गटात ६७.५ टक्के. साडेबारा टक्क्यांचा फरक. कॅन्सरच्या शस्त्रक्रियेत एवढा मोठा फरक क्वचितच बघायला मिळतो, आणि या निकालानं जगभरच्या सर्जनांची पद्धत बदलली.

यातली एक गोष्ट मला आकड्याहून महत्त्वाची वाटते. थांबलेल्या गटाची तोंडाची शस्त्रक्रिया वेळेवरच झाली होती, फक्त मान मागे ठेवली होती. ते रुग्ण वाऱ्यावर सोडलेले नव्हते, ठरलेल्या तारखांना टाटाचे डॉक्टर त्यांची मान तपासत होते. एवढ्या पहाऱ्यातही आजार हातातून निसटला. गावात घरी थांबलेल्या माणसाच्या मानेवर कुणाचा हात फिरत नसतो.

हे निसटणं कसं होतं? एक सेंटिमीटरची गाठ, म्हणजे हरभऱ्याएवढी, हाताला लागते तेव्हा तिच्यात ढोबळमानानं १०० कोटी पेशी असतात. एका पेशीपासून तिथवर यायला तीसेक दुपटी लागतात. आणखी दहा दुपटींत तीच गाठ किलोभराची होईल, आणि तोवर शरीर टिकत नाही. म्हणजे गाठ आपल्याला कळते तेव्हा तिचा बराचसा प्रवास आधीच झालेला असतो. त्यामुळे कुणी म्हणेल, इतकी वर्षं ती आत होतीच, आणखी चार आठवड्यांनी काय बिघडतं? बिघडतं ते आकारानं कमी आणि खोलीनं जास्त. टाटाच्या त्या प्रयोगात मान लगेच करण्याचा फायदा प्रामुख्यानं ज्यांची गाठ ३ मिलिमीटरहून खोल गेली होती त्यांना झाला. तीन मिलिमीटर! तोंडाच्या आत एवढा प्रवास व्हायला वर्ष लागत नाही. खोलवर गाठीला लसिकावाहिन्या आणि रक्तवाहिन्या भेटतात, आणि तिथून पुढचा प्रत्येक आठवडा ही पसरण्याची आणखी एक संधी असते. ती साधेलच असं नाही. पण साधली की आजाराची पायरी, म्हणजे स्टेज, बदलते, आणि पायरी बदलली की सर्जनच्या हातात उरणारं काम बदलतं.

मराठवाड्यात हे काम बऱ्याचदा गालाच्या आत असतं. तंबाखू-चुन्याची गोळी गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवायची सवय असल्यानं कॅन्सरही तिथंच उगवतो. २०१६-१७च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातल्या २६.६ टक्के प्रौढांना तंबाखूची सवय आढळली, आणि त्यांत बहुतेक खाणारे होते, ओढणारे थोडे. बायकांची मशेरीही त्यातच आली. गुटख्यावर राज्यात २०१२पासून बंदी आहे, ती किती पाळली जाते हे पानटपरीवर उभं राहणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. गालातली गाठ लहान असताना काढली तर टाके घालून किंवा शेजारची थोडी त्वचा वळवून तोंड बंद होतं. तीच हिरडीवरून जबड्याच्या हाडाला लागली की हाडाचा तुकडा घ्यावा लागतो आणि पायाचं हाड आणून जबडा बांधावा लागतो. ती आणखी मागे, चावण्याच्या स्नायूंमागच्या पोकळीत शिरली की तोंड उघडायचं बंद होतं, घास जात नाही, आणि सर्जन फाइल मिटून म्हणतो, आता केमो देऊन बघू. हा सगळा प्रवास एकाच गाठीचा आहे. उशिराची किंमत फक्त मरणात मोजली तर ती कमी भरते. जे जगतात त्यांचा जबडा, त्यांची जीभ, त्यांचं चारचौघांत बसून जेवणं हेही त्यात धरायला हवं.

२०२०च्या टाळेबंदीत उशीर हा सगळ्या देशाचा झाला. नॅशनल कॅन्सर ग्रिड या कॅन्सर रुग्णालयांच्या जाळ्यातल्या ४१ रुग्णालयांनी मार्च ते मे २०२० या तीन महिन्यांची आधीच्या वर्षाच्या त्याच तीन महिन्यांशी तुलना केली. नवे रुग्ण १,१२,२७० होते ते ५१,७६० झाले. मोठ्या शस्त्रक्रिया १७,१२०वरून ८,६७७वर आल्या. साठ हजारांवर माणसं त्या तीन महिन्यांत दवाखान्यात आलीच नाहीत. त्यांचा कॅन्सर काही टाळेबंदीत थांबला नव्हता. त्याच काळात टाटानं वेगळी वाट धरली. २३ मार्च ते ३० एप्रिल या पाच-सहा आठवड्यांत तिथं ४९४ ठरवून केलेल्या मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या. सहा जणांना नंतर कोविड निघाला, ते बरे झाले, आणि शस्त्रक्रियेनंतर एकही मृत्यू झाला नाही. जगभरच्या सर्जन संघटना ‘थांबा’ म्हणत असताना घेतलेला हा निर्णय मला तरी त्या काळातला मोठा निर्णय वाटतो.

आता महिन्यांकडे वळू. वर दिलेल्या साऱ्या अभ्यासांचं घड्याळ बहुतेक करून निदानाच्या दिवशी सुरू होतं: तुकड्याचा रिपोर्ट ‘कॅन्सर’ म्हणाला, तिथून ऑपरेशनपर्यंत किती आठवडे? युरोप-अमेरिकेत ते बरोबर आहे, कारण तिथं उशिराचा मोठा भाग रुग्णालयाच्या यादीतच असतो. बोरीच्या माणसाचं घड्याळ त्याआधी कितीतरी दिवस चालू झालेलं असतं. यादीत नाव लागेपर्यंत त्याचा बराचसा वेळ खर्च होऊन गेलेला असतो.

पहिला काळ घरातला. कॅन्सरची गाठ सुरुवातीला दुखत नाही आणि हीच तिची सगळ्यांत वाईट खोड आहे. दात दुखला तर माणूस रात्री डॉक्टरला उठवतो. न दुखणाऱ्या गाठीसाठी रोज बुडवून परभणीला कोण जाणार? “दुखत तर नाही काही, सोयाबीन निघू द्या, मग बघू.” सोयाबीन निघतं तो दसरा-दिवाळीचा सुमार, त्यामागे कापसाची वेचणी, त्यामागे लग्नसराई. बाईच्या स्तनातली गाठ असेल तर त्याआधी सांगायचं कुणाला, हा प्रश्न. सासूला सांगायला संकोच, नवऱ्याला सांगायला भीती. शहरातली शिकलेली माणसं यावर ‘अंगावर काढलं’ एवढाच शेरा मारून मोकळी होतात. मला हा शेरा अन्यायाचा वाटतो. हातावर पोट असणाऱ्या माणसानं न दुखणाऱ्या गोष्टीसाठी मजुरी बुडवली नाही, हा त्याच्या पुढ्यात असलेल्या माहितीवर केलेला सरळ हिशेबच होता. त्याला चुकीची माहिती होती, अक्कल कमी नव्हती.

दुसरा काळ पहिल्या डॉक्टरकडचा, आणि याविषयी बोललं जात नाही. तोंडातल्या जखमेला बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि लावायचं मलम. ते संपलं की दुसरं मलम. शौचावाटे रक्त जातं म्हणजे मूळव्याध. स्तनातली गाठ म्हणजे चरबीची किंवा दुधाची. खोकल्यातून रक्त पडलं की क्षयाची औषधं. भारतात फुप्फुसाच्या कॅन्सरचे कितीतरी रुग्ण आधी महिनोन् महिने क्षयाचे उपचार घेऊन आलेले असतात. क्षय इथं खरंच जास्त आहे, त्यामुळे डॉक्टरची पहिली शंका चुकीची नसते. चूक होते ती औषध लागू पडत नाही हे दिसल्यावरही पुढचा महिना तेच लिहून देण्यात.

तिसरा काळ तुकड्याचा. गाठीचा तुकडा काढून तपासल्याशिवाय कॅन्सर ठरत नाही आणि ठरल्याशिवाय पुढचं काही हलत नाही. पण सुई टोचली की तो उधळतो, लोखंड लागलं की पसरतो ही समजूत मराठवाड्यातच काय, पुण्या-मुंबईतही घट्ट आहे. ती कशी तयार झाली असावी हे समजण्यासारखं आहे. लोक उशिरा आले, तोवर आजार पसरलेला होता, तुकडा काढला आणि पुढे माणूस खालावत गेला. दोष सुईला मिळाला. योग्य पद्धतीनं काढलेल्या तुकड्यानं कॅन्सर पसरत नाही. तो पसरतो तुकडा न काढता घालवलेल्या वेळात.

याच टप्प्यावर घाईतून होणारा एक उशीरही आहे. गावाजवळच्या लहान दवाखान्यात ‘गाठ आहे ना, काढून टाकू’ म्हणून ती काढली जाते आणि कधी कधी तपासायला पाठवलीच जात नाही. सहा महिन्यांनी ती त्याच व्रणात पुन्हा उगवते. मग मोठ्या रुग्णालयातल्या सर्जनला मूळ गाठ कुठवर होती, कडा साफ होत्या का, काहीच कळत नाही. लवकर झालेली चुकीची शस्त्रक्रिया ही उशिरा झालेल्या योग्य शस्त्रक्रियेहून बरी असते असं समजायचं कारण नाही.

मग कागदांचा काळ. स्कॅनची तारीख, स्तनाचा असेल तर तुकड्यावरच्या आणखी चाचण्या, योजनेची मंजुरी. राजीव गांधी जीवनदायी योजना जुलै २०१२मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, नोव्हेंबर २०१३मध्ये राज्यभर गेली आणि २०१७पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. पिवळ्या-केशरी शिधापत्रिकांबरोबरच शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या १४ जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकरी कुटुंबांनाही तिच्यात घेतलं गेलं, आणि परभणी त्या १४ जिल्ह्यांत आहे. आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. या योजनेवर तक्रारी पुष्कळ ऐकू येतात आणि त्यांत तथ्यही असतं. पण तिच्याआधी काय होतं ते आठवावं: ऑपरेशनचा आकडा ऐकून माणूस गावी परत येई, एखादा एकर विकायला काढी आणि गिऱ्हाईक मिळेपर्यंत गाठ वाढत राही. तो एक मोठा उशीर या योजनेनं बराच कमी केला. आज अडतं ते आधारकार्डावरचं नाव शिधापत्रिकेवरच्या नावाशी जुळत नाही अशा गोष्टींवर. ज्याला गाठ आहे त्यानं रुग्णालयात जाण्याआधी ही दोन नावं जुळवून ठेवली तर बरेच दिवस वाचतात.

परळला पोचल्यावर राहायचं कुठे, हाही उशिराचा भाग आहे. दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांनी इतकी वर्षं कॅन्सरच्या माणसांना छप्पर दिलं म्हणून कित्येकांचे उपचार पुरे झाले. शस्त्रक्रियेनंतर घरी गेलेला माणूस परत येतो की नाही हे अशाच गोष्टींवर ठरतं. तोंडाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायचा असेल तर तो सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावा, असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. जखम भरली, घास जायला लागला, आता कशाला पुन्हा मुंबई, असं म्हणून गावी रमलेला माणूस तीन महिन्यांनी गाठ घेऊन परततो. वेळेवर झालेल्या ऑपरेशनचा फायदा तो अर्ध्यातच सोडून आलेला असतो.

हे सगळे काळ एकत्र धरले तर यादीतले आठवडे कमी करण्यापेक्षा आधीचे महिने कमी करणं फायद्याचं ठरेल, असं वाटतं. याचा पुरावाही मराठवाड्यातलाच आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलच्या आधारानं १९८७मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. पुढे १९९९मध्ये बार्शीचे डॉ. बी. एम. नेने, टाटाचे डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेतले डॉ. आर. शंकरनारायणन यांनी उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक प्रचंड प्रयोग हाती घेतला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका, गावांचे ५२ समूह, चार गट. एका गटाची गर्भाशयमुखाची एचपीव्ही या विषाणूसाठीची चाचणी आयुष्यात एकदाच केली. तुलनेच्या गटाला नेहमीचीच सेवा, म्हणजे काहीच चाचणी नाही.

आठ वर्षांनी निकाल आले, तेही ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्येच, २००९ साली. दोन्ही गटांत सापडलेल्या कॅन्सरची संख्या जवळपास सारखी होती: चाचणीच्या गटात १२७, तुलनेच्या गटात ११८. फरक होता तो पायरीत. चाचणीच्या गटात पुढच्या पायरीचे कॅन्सर ३९, तुलनेच्या गटात ८२. मृत्यू ३४ विरुद्ध ६४. म्हणजे तोच आजार, त्याच गावांतल्या बायका, तीच रुग्णालयं. फक्त आधी कळलं आणि मरण जवळपास निम्म्यावर आलं. कुठल्याही सर्जननं कितीही हात वेगानं चालवला तरी यादीतले चार आठवडे वाचवून हा फरक पडणार नाही. तुलनेच्या गटाला चाचणी न देण्यावर पुढे टीका झाली, आणि ती रास्त होती. पण त्या बायकांच्या नावानं मिळालेलं उत्तर तरी आपण वापरायला हवं होतं. शास्त्रींच्याच गटानं मुंबईच्या वस्त्यांत त्याहून स्वस्त उपाय करून पाहिला: थोडंसं शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका आणि तपासणीसाठी अॅसिटिक आम्ल. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. आणि तरीही २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या होत्या १.९ टक्के. स्तनाची आणि तोंडाची तपासणी झालेल्या एका टक्क्याहूनही कमी. नियमानं ३० वर्षांवरच्या प्रत्येकाची ही तपासणी उपकेंद्रावर व्हायची आहे. आशाताई अर्ज भरून नेतात, तपासणी मात्र बहुतेकींपर्यंत पोचत नाही.

सगळ्याच कॅन्सरला धावपळ लागते असं मात्र नाही. ब्रिटनमध्ये प्रोस्टेटच्या सुरुवातीच्या कॅन्सरचे १,६४३ पुरुष तीन गटांत वाटले: शस्त्रक्रिया, शेक, आणि नुसतं लक्ष ठेवणं. पंधरा वर्षांनंतर तिन्ही गटांत या कॅन्सरनं गेलेले सारखेच, शंभरात तीनच्या आसपास. जपानमधल्या कोबेच्या कुमा रुग्णालयात थायरॉइडच्या अगदी लहान कॅन्सरवर १९९३पासून नुसती नजर ठेवली जाते आणि बहुतेकांना चाकू लागतच नाही. स्तनाची मोठी गाठ आधी केमोनं लहान करतात, गुदाशयाच्या कॅन्सरला बऱ्याचदा आधी शेक देतात. तिथं ऑपरेशन मागे पडलेलं दिसलं तरी उपचार सुरूच असतो. तुकड्याचा रिपोर्ट नीट वाचायला, स्कॅन करायला, चार डॉक्टरांनी एकत्र बसून ठरवायला लागणारा आठवडा-दोन आठवडे हा वाया गेलेला वेळ नाही. ठरवून थांबणं आणि रखडणं यांत फरक आहे, आणि तो डॉक्टरला विचारता येतो: आपण कशासाठी थांबलोय? उत्तरात वैद्यकीय कारण असेल तर निश्चिंत राहावं. उत्तर ‘मशीन बंद आहे’ किंवा ‘साहेब रजेवर आहेत’ असं असेल तर दुसरं रुग्णालय शोधावं.

डेन्मार्कसारख्या श्रीमंत देशालाही हे शिकावं लागलं. शेजारच्या देशांपेक्षा आपले कॅन्सरचे रुग्ण कमी जगतात हे दिसल्यावर २००७मध्ये तिथल्या सरकारनं कॅन्सरची शंका ही तातडीची बाब मानायची असं ठरवलं, आणि प्रत्येक कॅन्सरसाठी शंकेपासून उपचारापर्यंतची वाट दिवसांसकट आखून दिली. घड्याळ शंकेच्या दिवशी सुरू केलं, रिपोर्टच्या दिवशी नाही. पुढच्या वर्षांत त्यांचे आकडे सुधारले. बोरीसारख्या गावांसाठी तेच घड्याळ वापरायला डेन्मार्कचा पैसा लागत नाही. उपकेंद्रावर शंका आली त्या दिवशीची तारीख कागदावर लिहायची, आणि तुकडा कोणत्या तारखेला निघाला हे पुढच्यानं त्याखाली लिहायचं, एवढ्यापासून सुरुवात होऊ शकते.

तोवर वाचणाऱ्यानं एवढं करावं. तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा तीन आठवड्यांत भरला नाही, स्तनात न दुखणारी गाठ लागली, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, किंवा मलमाचं दुसरं पाकीट संपलं तरी फरक पडला नाही, तर तिसरं पाकीट घेऊ नका. तुकडा कुठे काढतात ते विचारा. तुकडा कॅन्सरचा निघाला तर रुग्णालयातून निघताना तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या: आजार कोणत्या पायरीचा आहे, पहिला उपचार कोणता, आणि तो कोणत्या तारखेला सुरू होणार.